दहा हजार पावले

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी खेळला असेल. पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. साहेबाचा खेळ, हिरवळीचा खेळ, वेळ आणि पैसा या दोहोंची चैन ज्यांना परवडते त्यांचा खेळ, अशीच त्याची आपल्याकडे ख्याती आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे नाही. तरीही आज त्याच खेळापासून आरंभ करण्याचे कारण असे की, चेंडू, काठी आणि खळगे ही सामग्री क्षणभर बाजूला ठेवली, तर गोल्फ म्हणजे मुख्यतः चालणे होय. अठरा खळग्यांचे मैदान साधारणपणे सहा ते सात हजार यार्डांचे, म्हणजे साडेतीन ते चार मैलांचे असते. परंतु चेंडू काही आपल्या इच्छेप्रमाणे सरळ जात नाही. तो झुडपात जातो, वाळूत जातो, आणि मागोमाग खेळणारालाही तेथे जावे लागते. शिवाय एका खळग्यापासून पुढच्या आरंभाच्या जागेपर्यंतची चाल वेगळीच. एकंदरीत एक डाव पुरा होईपर्यंत पाच-सहा मैलांची मजल सहज होते. पावलांत मांडावयाचे तर दहा-बारा हजार, आणि नवशिका असेल तर त्याहूनही अधिक. ज्याचा खेळ वाईट त्याचा व्यायाम चांगला, असा हा बहुधा एकमेव खेळ असावा!

खळगे अठराच का, यामागे काही शास्त्र असेल असे वाटते. पण तसे नाही. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर पूर्वी एका डावात बावीस खळगे खेळत. १७६४ साली तेथील मंडळींनी काही आखूड खळगे एकमेकांत मिळवून टाकले, तेव्हा अठरा उरले. पुढे तेच जगाचे प्रमाण झाले. एका गावच्या मंडळींनी आपल्या सोयीसाठी केलेला फेरफार आणि त्यातून साऱ्या जगाच्या पायांना लागलेली शिस्त, असा प्रकार इतिहासात वारंवार आढळतो. आपल्या मनगटावरच्या ‘दहा हजार’ या आकड्याची गोष्टही त्याच जातीची आहे. ती पुढे येईलच.

आपल्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी फिरावयास येणारी मंडळी आपण रोज पाहतो. गारखेडा हे नावाप्रमाणे खेडेच होते. शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले आणि त्याला पोटात घेऊन पुढेही गेले. तेथे चालणाऱ्यांपैकी कितीतरी जण मधूनमधून हातातल्या घड्याळाकडे पाहतात, ते वेळ पाहण्यासाठी नव्हे. किती पावले झाली हे त्यांना पाहावयाचे असते. चारशे मीटरची धावपट्टी धरली आणि पाऊल अडीच फुटांचे धरले, तर एका फेरीला सव्वापाचशेच्या आसपास पावले पडतात. दहा हजार भरावयास सुमारे एकोणीस फेऱ्या. आता प्रश्न असा की, माणूस आपली पावले मोजू लागला केव्हा, आणि कोणासाठी? मला वाटते, या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

मैल हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ ‘हजार’ एवढाच. हजार काय? तर हजार पावले. मात्र रोमन लोकांचे पाऊल आपल्या दुप्पट असे. उजवा पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर ते एक पाऊल मानीत, आणि ते पाच रोमन फुटांचे धरीत. म्हणजे रोमन मैल हा सैनिकांच्या टाचांनी मोजलेला मैल होता. त्याच्याही आधी शिकंदराच्या सैन्याबरोबर अंतर मोजणारे खास लोक असत. बायटॉन, डायोग्नेटॉस, फिलोनिडीस अशी त्यांच्यापैकी काहींची नावेही शिल्लक आहेत. मुक्कामामुक्कामांमधील अंतर मोजून लिहून ठेवणे हे त्यांचे काम. त्यांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले, पण त्यातील आकडे प्लिनीने उतरून घेतले आहेत, आणि ते आजच्या नकाशाशी इतके जुळतात की, त्यांच्याजवळ एखादे चाकाचे यंत्र असावे अशी शंका काही अभ्यासकांना आली आहे.

आपल्याकडचा कोस निराळ्या वाटेने आला. क्रोश म्हणजे हाक किंवा ओरडणे. म्हणजे हे कानाने मोजलेले अंतर. चार हातांचे एक धनुष्य, हे बहुतेक ग्रंथांना मान्य आहे. पण कोसाला अशी हजार धनुष्ये की दोन हजार, याविषयी एकमत नाही, आणि म्हणूनच एका प्रांताचा कोस दुसऱ्या प्रांताच्या कोसाशी कधी जुळला नाही. बाबराने १५२८ साली आग्रा ते काबूल रस्त्याची मोजणी करविली आणि नऊ नऊ कोसांवर मनोरे बांधण्याचा हुकूम केला. त्याच्या आत्मवृत्तात कोसाचे माप दिले आहे ते चार हजार पावलांचे. पुढे अकबराच्या अमदानीत मात्र कोस ठरला तो पाच हजार गजांचा. पाऊल गेले आणि गज आला. ही अदलाबदल वरवर किरकोळ दिसली, तरी तिच्यात राज्यकारभाराचे एक मर्म आहे.

पाऊल हे फार सोयीचे, पण फार बेइमान माप आहे. उंच माणसाचे वेगळे, ठेंगण्याचे वेगळे. सकाळचे वेगळे, थकल्यानंतरचे वेगळे. चढावर आखूड, उतारावर लांब. रस्ता मोजताना हे चालून जाते. पण शेत मोजून त्यावर सारा ठरवावयाचा असला, तर पाटलाचे पाऊल की कुळकर्ण्याचे, हा वाद गावोगाव उभा राहील. म्हणून जमीन मोजणारे राज्यकर्ते नेहमी पायांवरून हातांवर आणि हातांवरून काठीवर आलेले दिसतात. तोडरमल्लाच्या वेळी दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले, कारण दोरी भिजली की आखडते आणि आखडलेल्या दोरीने मोजलेली जमीन कागदावर वाढते! शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात आणि पाच मुठींची काठी चाले; वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. ज्या मलिक अंबराने १६१० साली आपले हे शहर खडकी या नावाने वसविले, त्याची कीर्ती दख्खनमध्ये लढाईइतकीच त्याच्या जमाबंदीसाठीही राहिली. जमाबंदीतील माप असे हवे की, ते मोजणाऱ्याच्या अंगावर अवलंबून असता कामा नये.

ही गोष्ट इंग्रजांनी तर टोकाला नेली. १८०२ साली विल्यम लँब्टन याने मद्रासजवळ साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावरून केवळ कोन घेत घेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, तो उत्तरेकडे निघाला. पायारेषा सोडली तर या पद्धतीत जमिनीवरून चालून अंतर मोजण्याचे कारणच उरत नाही. डोंगरमाथ्यावर जड यंत्र चढवावयाचे, समोरच्या माथ्यावरची खूण पाहावयाची, बाकीचे काम गणिताचे. वीस वर्षे हे काम करून २० जानेवारी १८२३ रोजी लँब्टन वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तेथेच आहे. कापसासाठी हिंगणघाट सर्वांना ठाऊक असते, या कबरीसाठी फारसे कोणास ठाऊक नसते. त्याच्यामागून हे काम एव्हरेस्टने हाती घेतले आणि ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

पण हिमालयाशी येऊन हे सारे शास्त्र थबकले. पलीकडे तिबेट, आणि तिबेटात परक्यास बंदी. तेथे यंत्रही नेता येत नव्हते आणि साखळीही नाही. तेव्हा कॅप्टन माँटगोमेरी याने जी युक्ती काढली ती पुन्हा हजारो वर्षे मागे, म्हणजे माणसाच्या पायांकडे गेली. कुमाऊँच्या मिलम गावचा नैनसिंह रावत हा शाळामास्तर होता, म्हणून खात्यात त्याला ‘पंडित’ म्हणत. त्याला देहरादूनला नेऊन शिकविले ते काय? तर चालावयास! चढ असो, उतार असो, दगडगोटे असोत, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल झाला पाहिजे. दोन वर्षे हा अभ्यास चालला. माणसाच्या पायाचे जे बेइमान माप, त्याला सवयीने प्रामाणिक करण्याचा हा उद्योग होता.

त्याच्या हातात जपमाळ दिली होती. आपल्याकडे, आणि तिबेटी बौद्धांतही, माळ एकशे आठ मण्यांची असते. नैनसिंहाची माळ शंभराची होती. शंभर पावले झाली की एक मणी सरकवावयाचा. म्हणजे एक माळ पुरी झाली की दहा हजार पावले आणि पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणांचे कागद होते. पाऱ्याची भांडी, उष्णतामापक, सेक्स्टंट, सारे कुठे ना कुठे लपविलेले. नाक्यानाक्यावर सामानाची झडती होई, पण भाविकाच्या माळेचे मणी मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

१८६५ साली तो निघाला. काठमांडूच्या वाटेने तिबेटात शिरला, जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचला, आणि मानससरोवराकडून परत आला. एकंदर सुमारे बाराशे मैल. पावले मोजली ती पंचवीस लाखांच्या घरात, म्हणजे अडीचशे माळा. वाटेत कोणी यात्रेकरू सोबतीला आला, बोलू लागला, की मोजणी चुकणार. म्हणून तो जपात गढल्याचे दाखवी. पाणी कोणत्या उष्णतेस उकळते यावरून त्याने ल्हासाची उंची काढली, आणि ती खरीच्या अगदी जवळ निघाली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. त्याचाच भाऊबंद किसनसिंह १८७८ ते १८८२ या काळात मंगोलियाच्या बाजूस गेला होता. एका ठिकाणी चोरांच्या भयाने साऱ्या तांड्याला घोड्यावरून जावे लागले, तेव्हा या गृहस्थाने घोड्याच्या पुढल्या पायाची पावले मोजावयास सुरुवात केली!

या पराक्रमाचा अभिमान कोणालाही वाटावा असा आहे. परंतु इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे की, ती पंचवीस लाख पावले नैनसिंहाची असली, तरी त्यांचा जमाखर्च दुसऱ्याच्या वहीत होता. १९०४ साली यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली इंग्रजी फौज ल्हासात शिरली, तेव्हा ज्या प्रदेशात ती शिरली तो इंग्रजांना सर्वस्वी अनोळखी राहिला नव्हता. पायाखालची भूमी एकाची, चालणारा दुसरा आणि नकाशा तिसऱ्याचा.

आता पुन्हा गोल्फकडे वळू, कारण तेथेही हाच प्रकार लहान प्रमाणात दिसतो. हिंदुस्थानात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना समजतात. मुंबईचा १८४२ चा. अमेरिकेत हा खेळ नीट रुजण्यापूर्वीच्या या गोष्टी आहेत. या मैदानांवर साहेबाबरोबर आणखी एक माणूस चाले, तो काठ्यांची पिशवी उचलणारा कॅडी. आणि एक पोरगा पुढे जाऊन उभा राही, चेंडू कोठे पडतो ते पाहावयास. त्याला आपल्याकडे ‘आगेवाला’ म्हणत. साहेब दहा हजार पावले चालला तर कॅडीही तितकीच चालला, वर पिशवीचे ओझे निराळे. पण एकाच्या चालण्याला व्यायाम म्हणत आणि दुसऱ्याच्या चालण्याला मजुरी. अंतराचे ज्ञान मात्र बहुधा कॅडीजवळच असे. या झाडापासून खळगा किती, त्या टेकाडापासून किती, हे रोजच्या चालीने त्याच्या पायांत बसलेले. अमेरिकेत मोठमोठे खेळाडू स्वतः पावले टाकून अंतरे वहीत टिपू लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. १९६१ साली जॅक निकलस याने ती रीत उचलली आणि मग ती सर्वत्र पसरली.

आपल्या महाराष्ट्रात गोल्फने एका जागेला नाव दिले आहे, ते नाशिकला. शहरातील एका मोठ्या मैदानाला आजही लोक ‘गोल्फ क्लब’ असेच म्हणतात. इंग्रज अंमलात तेथे तो खेळ चाले. आज तेथे क्रिकेटचे सामने होतात, आणि सकाळ-संध्याकाळ शेकडो नाशिककर फेऱ्या घालतात. या मैदानाचे खरे नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्याबरोबर त्यांना फाशी झाली. वय जेमतेम अठरा. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पण त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले ते आपल्या या शहरात, औरंगाबादेस, मामांच्या घरी राहून. ठाण्यात शहीद झालेला आणि नाशिकच्या मैदानाला नाव देणारा हा मुलगा आपल्या गल्ल्यांतून शाळेला गेला, ही गोष्ट येथल्या किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. साहेबाच्या मैदानावर हुतात्म्याचे नाव बसले, तरी लोकांच्या तोंडी साहेबाच्या खेळाचे नाव टिकून राहिले. नावांचे असेच असते. फलक बदलतो, जिभेला वेळ लागतो.

आता तो दहा हजारांचा आकडा. पावले मोजणारे छोटे यंत्र नवे नाही. अठराव्या शतकात युरोपातील घड्याळजींनी लंबकाच्या हेलकाव्यावर चालणारी अशी यंत्रे केली होती. अमेरिकेचा जेफर्सन हा पॅरिसमध्ये वकील असताना त्याने आपल्या मित्रासाठी, मॅडिसनसाठी, असे एक यंत्र धाडले होते. पण ही श्रीमंतांची खेळणी होती. ती सामान्यांच्या कमरेला आली जपानमध्ये. १९६४ साली टोकियोस ऑलिंपिक सामने झाले, व्यायामाची हवा पसरली, आणि १९६५ साली यामासा नावाच्या घड्याळांच्या कंपनीने एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. जपानी लिपीत दहा हजार या संख्येचे जे अक्षर आहे ते चालत्या माणसासारखे दिसते, म्हणून हा आकडा पसंत पडला असे सांगतात. वैद्यकाने शोधून काढलेली ती मर्यादा नव्हे. ते एका मालाचे नाव होते. नैनसिंह आपली दहा हजारांची माळ घेऊन निघाला १८६५ साली, आणि हे यंत्र निघाले बरोबर शंभर वर्षांनी. दोन्हींचा परस्परांशी संबंध काही नाही. पण इतिहास वाचणाऱ्याला अशा जोड्या दिसल्यावाचून राहात नाहीत.

वैद्यकाने हा आकडा तपासला तो फार उशिरा. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले, आणि साडेसात हजारांनंतर अधिक चालण्याचा अधिक लाभ दिसेनासा झाला. २०२५ साली अनेक अभ्यास एकत्र करून जे अनुमान निघाले तेही सात हजारांच्या आसपासचे. गोल्फविषयी स्वीडनमध्ये तीन लाख खेळाडूंची माहिती तपासली गेली, तेव्हा त्यांचा मृत्युदर इतरांहून शेकडा चाळीसने कमी निघाला. हा आकडा ऐकून कोणी लगेच काठ्या विकत घ्यावयास जाऊ नये. ज्याला अर्धा दिवस हिरवळीवर घालविता येतो, त्याला इतरही पुष्कळ गोष्टी मिळत असतात. त्या अभ्यासकांनी मिळकतीच्या वर्गांचा विचार केला होता हे खरे, पण कॅडींचे आयुष्य किती वाढले हे कोणी मोजलेले माझ्या वाचनात नाही.

आणि ज्यांची पावले कोणीच मोजली नाहीत त्यांचे काय? आपल्या दारातच एक मोठे उदाहरण आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीच्या लोकांना इकडे आणले. इब्न बतूता या प्रवाशाने ही वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे. दुतर्फा झाडे, जणू बागेतून चालल्यासारखे वाटावे. सुलतानासाठी गंगेचे पाणीही चाळीस दिवसांच्या याच वाटेने दौलताबादेस येई. त्याच प्रवाशाने एका आंधळ्याची हकीकत दिली आहे. तो दिल्ली सोडावयास तयार नव्हता, म्हणून त्याला फरफटत नेण्याचा हुकूम झाला, आणि दौलताबादेस पोहोचला तो फक्त त्याचा एक पाय. ही हकीकत ऐकीव आहे, आणि इतिहासकार ती शब्दशः खरी मानीत नाहीत. सारी दिल्ली नव्हे, तर मुख्यतः अमीर-उमराव, मुल्ला-मौलवी आणि त्यांचा लवाजमा हलला, असे आज बहुतेकांचे मत आहे. तथापि लवाजमा म्हणजेही माणसेच. आणि अमीर घोड्यावर, पालखीत असले, तरी लवाजमा पायीच आला असणार. त्यांची पावले कोणत्याही बखरीत नाहीत. आजही आषाढी वारीसाठी पैठणहून नाथांची पालखी पंढरीस निघते, तिच्यातले चालणारेही पावले मोजीत नाहीत. पण ते स्वखुशीने निघालेले असतात, हा फरक मोठा आहे.

त्या रस्त्यावर एकाच प्रकारच्या माणसाची चाल मात्र काटेकोर मोजलेली होती, ती डाकेच्या जासुदाची. इब्न बतूता सांगतो की, मैलाच्या प्रत्येक तृतीयांशावर चौकी असे. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरांची काठी घेऊन जासूद धावत सुटे. घुंगरांचा आवाज ऐकताच पुढच्या चौकीचा माणूस तयार होऊन उभा राही, पत्र घेई आणि धावू लागे. नैनसिंहाच्या मापाने एकेकाच्या वाट्यास साडेसहाशे-सातशे पावले येत. आपल्या शहरापासून दौलताबाद पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन माळांहून थोडे कमी. तुघलकाच्या व्यवस्थेत एवढ्या अंतरासाठी अठ्ठावीस जासूद लागले असते.